मदत हवी आहे : पांढरं रेशनकार्ड, वडिलांची बायपास आणि उत्पन्नाची अट

वडील ६६ वर्षांचे, कराडजवळ गावी असतात. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले, बायपास सांगितली आहे. खासगीत सांगितलेला आकडा आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

घोडं अडलंय रेशनकार्डावर. वडिलांची पूर्वी वडापची (प्रवासी वाहतुकीची) जीप होती, त्या चारचाकीपायी कार्ड पांढरं झालं. जीप कधीच विकली, कार्ड मात्र तसंच राहिलं. आता दीड एकर ऊस आणि माझी पुण्यातली नोकरी. पगार १९ हजार होता, जुलैपासून २२ झाला. रुग्णालयाच्या काउंटरवर म्हणाले, "पांढऱ्यावर काही होत नाही, केशरी करून आणा." गावातला एक एजंट पैसे घेऊन लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणतोय. काढावा का? की दुसरा मार्ग आहे? जरा लवकर सांगा.

कृष्णाकाठ :
केशरीच्या मागे लागू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला (सरकारची मोफत उपचारांची योजना) पिवळं-केशरी कार्ड लागायचं, आणि केशरीला वर्षाला एक लाखाची मर्यादा, ती गोष्ट जुनी झाली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही योजनेत आलं, अंमल १ जुलै २०२४ पासून. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पूर्वी दीड लाख होते. बायपास त्यात बसते.

काउंटरवर बिलिंगवाले असतात, त्यांना विचारून उपयोग नाही. अंगीकृत (योजनेत घेतलेल्या) रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, टेबल वेगळा असतो, तिथे जा. रुग्णालय योजनेत आहे का ते १५५३८८ वर फोन करून आधी विचारा. शस्त्रक्रियेची मंजुरी यायच्या आत डिपॉझिट भरू नका, भरलेले पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

खरी अडचण दुसरीच येईल. बऱ्याच पांढऱ्या कार्डांना बारा अंकी ऑनलाइन नंबरच नसतो. तो तहसीलच्या पुरवठा शाखेतून घ्या. कार्डावर 'दत्तू' आणि आधारवर 'दत्तात्रय' असला प्रकार असेल तर तोही आत्ताच निस्तरा.

पेठेतला :
दाखल्याच्या भानगडीत पडू नका. तुमचं खरं उत्पन्नच उपयोगी पडेल. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत (कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत). २२ हजारांचे बारा महिन्यांचे २ लाख ६४ हजार झाले. त्यात उसाचे धरूनही दुसऱ्या गटात बसण्याची शक्यता आहे. तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदाराचा खरा दाखला घ्या, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटा. योजनेतून काम झालं तर याची गरजच नाही, पण हाताशी असू द्या.

वय ७० असतं तर उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, श्रीमंत असो की गरीब.

एचआरवाली :
पगारपत्रकात ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापतात का? मर्यादा महिना २१ हजारांची आहे, म्हणून २२ झाल्यावर लगेच बंद झालं असं समजू नका. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असतो. मध्येच पगार वाढला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी कापावीच लागते. आई-वडील अवलंबून असतील आणि त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिना ९ हजारांच्या आत असेल तर तेही त्यात येतात. शेती वडिलांच्या नावावर असल्यास तो हिशोब बघा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तुमची नोकरी आणि वर्गणी किती काळाची आहे तेही तपासतात, त्यामुळे आधी शाखा कार्यालयात विचारा.

मूळ प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे आभार. जुलैचं पगारपत्रक काढलं, कपात नाहीये! उद्या एचआरला धरतो. कार्डावर बारा अंकी नंबर नाही, वडिलांचं नाव मात्र आधारशी जुळतंय. एजंटला नाही म्हणून कळवलं. एक शंका : माझं नाव त्याच कार्डावर आहे पण मी राहतो पुण्यात. म्हणून वडिलांना पुण्यातल्या रुग्णालयात दाखल केलं तर चालेल का?

कृष्णाकाठ :
चालेल. योजना राज्यभराची आहे, जिल्ह्याचं बंधन नाही. मूळ कार्ड आणि आधार सोबत ठेवा, अँजिओग्राफीची सीडी विसरू नका. ती मंजुरीला लागते.