मदत हवी आहे : शेलीच्या 'ओझिमँडियस'वरील इंग्रजी निबंध

नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात इंग्रजी विषय घेऊन शिकत आहे. इंग्रज कवी शेली याच्या, १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओझिमँडियस' या सुनीतावर (चौदा ओळींच्या कवितेवर) मला विश्लेषणात्मक निबंध लिहायचा आहे. माझा पहिला मसुदा 'हा सारांश झाला, विश्लेषण नाही' असा शेरा मारून परत आला आणि तो शेरा मला पटला, कारण वाळवंटातला ओझिमँडियस राजाचा भग्न पुतळा आणि सत्तेची नश्वरता यापलीकडे मी काहीच लिहिले नव्हते.

पुन्हा वाचताना आठव्या ओळीतल्या 'मॉक्ड' (mocked) या शब्दापाशी मी थांबले. शिल्पकाराच्या हाताने राजाच्या चेहऱ्यावरचे भाव हुबेहूब उतरवले, असा त्याचा एक अर्थ होतो आणि त्या भावांची टर उडवली, असा दुसरा. आपल्या 'नक्कल' या शब्दातही हे दोन्ही अर्थ नांदतात, हे लक्षात आल्यावर मला फार आनंद झाला. राजाच्या आज्ञेने काम करणाऱ्या कारागिरानेच त्याचा खरा निवाडा दगडात कोरून ठेवला, असे प्रतिपादन मला करायचे आहे.

एका शब्दाच्या आधारावर संपूर्ण निबंध उभा राहू शकेल का? कवितेतला 'मी', त्याला भेटलेला प्रवासी आणि चौथऱ्यावरचे राजाचे शब्द, अशी एकात एक गुंतलेली निवेदने या मुद्द्याशी कशी जोडावीत? इंग्रजीच्या निबंधात मराठी शब्दाचा दाखला दिलेला चालतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.