मदत हवी आहे: जोडीला जुना बूझी अँड हॉक्स कॉर्नेट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. मी पंचवटीतला, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. ऐन लग्नसराईत पिस्टन अडकला तर हाताशी दुसरं वाद्य हवं. मेरठच्या जाली कोठीचा (तिथली बँडच्या वाद्यांची वस्ती) नवा माल स्वस्त पडेल, पण ओळखीतल्या एकांकडे बूझी अँड हॉक्स या ब्रिटिश कंपनीचा जुना कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, जरा आटोपशीर वाद्य) आहे आणि जीव त्याच्यावरच अडकलाय. बोटं ट्रम्पेटचीच, त्यामुळे वाजवायची अडचण नाही.

भोंग्याला पोचा आहे, तो निघेल. (आपल्या तांबट आळीत कुणी असं काम करून घेतलंय का?) मधला पिस्टन दाबला की सावकाश वर येतो. माउथपीसच्या पुढच्या नळीवर गुलाबी ठिपके आहेत, म्हणजे जस्त निघून पितळ आतून सडतंय. ती नळी बदलून कुठे मिळेल? नाशकात नाही तर मुंबई-पुण्यातही चालेल.

खरी धास्ती पट्टीची. ब्रिटिश ब्रास बँडची वाद्यं १९६०च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत असत, A हा स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या आसपास. हा तसा निघाला तर कीबोर्डसोबत पंचाईत: मुख्य स्लाइड (सरकती नळी) ओढून सा जुळेल, बाकीचे स्वर हलतील.

शनिवारी ट्यूनर घेऊन जातोय. आणखी काय तपासू?