मदत हवी आहे : 'आहे त्या स्थितीत' विकलेली बोट, आता वकिलाची नोटीस

नमस्कार मंडळी. बाबांच्या माघारी त्यांची लाकडी मासेमारी बोट मे महिन्यात विकली. 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर 'इंजिनासह आहे त्या स्थितीत' असं स्पष्ट लिहिलंय, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. घेणारे दोन दिवस स्वतःचा तांडेल (बोटीवरचा प्रमुख) आणि मेकॅनिक घेऊन आले होते, खाडीत फेरीही मारली.

जून-जुलैची पावसाळी मासेमारीबंदी संपून ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली, तर म्हणे तळातून पाणी येतंय. दोष लपवला म्हणून पावणेचार लाख परत मागतायत. तळाच्या दोन फळ्या गेल्या वर्षी बदलल्याचं मी त्यांना सांगितलं होतं, पण तोंडी. तेच आता मनाला खातंय. दोन महिने बोट पाण्याबाहेर कोरडी पडली की फळ्यांचे सांधे उघडतात, हे किनाऱ्यावर कोणाला ठाऊक नाही?

माल विक्री कायदा 1930 च्या कलम 16 प्रमाणे पारखून घेणं खरेदीदाराचं काम, हे वाचलंय. पण फसवणुकीचा आरोप असेल तर 'आहे त्या स्थितीत' हे शब्द टिकतात का? फळ्या बदलणाऱ्या सुताराची साक्ष चालेल?

दुसरी काळजी जास्त मोठी. मत्स्यव्यवसाय खात्यात नोंदणी अजून माझ्याच नावावर आहे. उद्या ही बोट बेकायदा मासेमारीत पकडली गेली तर दंड मला? नाव बदलायच्या अर्जावर घेणारे सही करत नाहीत.

रत्नागिरीकडचे कोणी अनुभवी वकील सुचवा. उत्तर द्यायला आठच दिवस उरलेत.