शंभर पत्रांचा सल्ला सर्वच विषयांना लागू पडतो का?

मोडीवाचक:
‘पाषाण रोड’ यांनी काल या चर्चेत लिहिले की पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची काही वर्षांची संशोधनाची जागा, मिळत नसेल तर उमेदवारच आळशी असतो. शंभर प्रयोगशाळाप्रमुखांना ईमेल करावे, एक तरी होकार येतोच. हे वाचून मला राहवले नाही. माझी पीएच.डी. पेशवेकालीन महसुलाच्या मोडी कागदपत्रांवर आहे. माझ्या विषयात प्रयोगशाळा नाही आणि कोणाच्या प्रकल्पात माझ्यासाठी पगाराची तरतूदही नसते. संशोधनाचा विषय मीच मांडायचा, त्याला आसरा देणारी संस्था मीच शोधायची आणि मग फेलोशिपच्या जाहिरातीची वाट पाहायची. शंभर पत्रे मी कोणाला पाठवू?

पाषाण रोड:
‘आळशी’ हा शब्द मागे घेतो, सल्ला मात्र मागे घेत नाही. जीवशास्त्रात प्रकल्पाला अनुदान मिळाले की जागा निघते, आणि जाहिरात येण्याआधीच ती कोणाला तरी ठाऊक असते. मी ४३ पत्रे पाठवली. ६ उत्तरे आली, एका ठिकाणी मुलाखत झाली आणि तिथेच रुजू झालो. प्रत्येक पत्रात त्या गटाच्या ताज्या शोधनिबंधाविषयी एक नेमका प्रश्न विचारलेला असे.

तारांगण:
खगोलशास्त्राची रीत तिसरीच आहे. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर जाहिराती येतात, बहुतेक मुदती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये संपतात, आणि १५ फेब्रुवारीपूर्वी उमेदवारावर निर्णयाची सक्ती करू नये असा संकेत आहे. मी मार्चमध्ये प्रबंध सादर करून मग शोधाला लागलो आणि माझे एक वर्ष वाया गेले.

सहकारनगर:
मुदतींपेक्षा वयाचे बोला. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला ३५ वर्षांची अट आहे. महिलांना ५ वर्षांची सवलत मिळते. दोन बाळंतपणे, सासऱ्यांचे आजारपण आणि तासिका तत्त्वावरची शिकवणी सांभाळून मी रसायनशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली, तेव्हा मला एकेचाळिसावे लागले होते. युरोपातील मारी क्युरी फेलोशिप वय विचारत नाही, पीएच.डी.नंतरची ८ वर्षे मोजते आणि संशोधनातील खंड त्यातून वगळते.

पाषाण रोड:
जागा मोजक्या आहेत. वयाची अट काढली तर नुकतीच पीएच.डी. झालेल्या मुलांनी कुठे जायचे?

सहकारनगर:
तुम्ही ती ४३ पत्रे लिहीत होता, तेव्हा तुमच्या घरी स्वयंपाक कोण करत होते, ते आधी सांगा.

पाषाण रोड:
हे वैयक्तिक झाले आणि मला ते आवडलेले नाही. आई करत होती. वयाऐवजी पीएच.डी.नंतरची वर्षे मोजावीत, एवढे मान्य करतो, त्यापुढे नाही.

तारांगण:
एवढे मान्य करायला दोन दिवस लागले.

मोडीवाचक:
ती राष्ट्रीय फेलोशिप विज्ञान व अभियांत्रिकीपुरतीच आहे, म्हणून या वादात माझा विषय पुन्हा बाहेरच राहिला. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे, भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेजही इथेच आहेत. दोन वर्षे बसून ते कागद वाचता येतील एवढा पगार मात्र मला अजून कुठे सापडलेला नाही. तरीही पत्रात नेमका प्रश्न विचारण्याची गोष्ट मला पटली. महसुलाच्या कागदांवर काम करणारे तीन अभ्यासक मला माहीत आहेत. त्या तिघांना या आठवड्यात लिहीन.