धान्य असूनही कुपोषण का टिकते? परदेशातील प्रबंधासाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न : शहाद्याची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मूळची शहाद्याची असून सध्या नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेन येथे अन्नसुरक्षेचा अभ्यास करीत आहे. अन्नाची उपलब्धता, ते मिळवण्याची ऐपत, शरीराला होणारा उपयोग आणि या सर्वांतील सातत्य अशा चार अंगांनी येथे हा विषय शिकवतात. तुमच्याकडे पिकत नाही म्हणून मुले कुपोषित राहतात का, असे सहाध्यायी मला मनापासून विचारतात, तेव्हा आमच्या शिवारातील ऊस, केळी आणि पपई डोळ्यांपुढे येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. तरीही घाट चढून धडगाव, अक्कलकुव्याकडे गेले की कुपोषण आहेच. प्रबंधाची सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : अंगणवाडी पर्यवेक्षिका, धडगाव तालुका

ताई, सुरुवात दिवाळीपासून करा. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, तान्ही मुलेही सोबत नेतात, आणि आमच्या नोंदवहीत त्या मुलांच्या वजनाच्या रकान्यात महिनोन्‌महिने ‘स्थलांतरित’ एवढाच शब्द राहतो. होळीला पाडे पुन्हा भरतात. गेल्या होळीनंतर दीड वर्षाच्या एका मुलीच्या दंडाला पट्टी लावली, तर माप ११ सेंटीमीटर, म्हणजे लाल भागात आले. साडेअकराच्या खाली आम्ही तीव्र कुपोषण धरतो. दिवाळीपूर्वी ती हिरव्या भागात होती. रेशनचा तांदूळ त्या कुटुंबाला मिळतच होता, पण तो पाड्यावर आजीजवळ होता आणि मूल उसाच्या फडावर.

उत्तर २ : अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, जळगाव

पर्यवेक्षिकाबाईंनी अचूक जागी बोट ठेवले आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच मांडले, की धान्य असणे आणि ते मिळवण्याचे साधन माणसाच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना तगवले ते सरकारी कामावरच्या मजुरीने. माझ्या पिढीने ते पाहिले आहे. शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य उचलण्याची सोय महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली. तेव्हा फडावरील किती कुटुंबे ती वापरतात आणि दिवसभर कोयता चालवून दुकानापर्यंत कधी जातात, हे आपण तेथे जाऊन विचारावे. शिवाय तांदूळ-गव्हाने पोट भरते, पण लहान मुलाला डाळ, तेल आणि अंडेही लागते, हे विसरू नये.

प्रश्नकर्ती

ताई, सर, मनःपूर्वक आभार. येत्या होळीला मी गावी येत आहे. परवानगी मिळाल्यास, मुलांची नावे न घेता, नोंदवहीतील ‘स्थलांतरित’ हे रकानेच प्रथम मोजावेत असे ठरवले आहे.