फॉरमॅटनंतर मेल उघडेना : तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात घरचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारला आणि नव्याने विंडोज टाकलं. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली आधीच बाहेरच्या डिस्कवर घेतल्या होत्या, दोनदा उघडून पाहिल्या होत्या. सगळं लावून झालं, ब्राउझर उघडला, मेलचा पत्ता टाकला आणि पासवर्डच्या चौकटीपाशी हात थबकला. सात वर्षांत तो पासवर्ड मी एकदाही हाताने टाकला नव्हता. कॉम्प्युटरच टाकायचा.

जुन्या ब्राउझरचा अख्खा फोल्डर मी जपून ठेवला होता, त्यामुळे सुरुवातीला धीर होता. तो नव्या जागी ठेवला. बुकमार्क आले, पाहिलेल्या पानांची यादी आली, पासवर्ड मात्र एकही आला नाही. नंतर वाचून कळलं की विंडोजवर हे पासवर्ड त्या वापरकर्त्याच्या विंडोज खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. फॉरमॅटबरोबर ते खातं गेलं आणि किल्लीही गेली. नव्या विंडोजवर तेच नाव, तोच पासवर्ड देऊन खातं उघडलं तरी आतून ते वेगळंच असतं.

सुटका फोनने केली. तोच मेल फोनवर चालू होता. ‘पासवर्ड विसरलात?’ वर गेल्यावर ‘हे तुम्हीच आहात का?’ अशी विचारणा फोनवर आली, हो म्हटलं आणि नवा पासवर्ड ठेवता आला. पण मधले दोन तास फार वाईट गेले. बँक असो, विमा असो, कुठलाही पासवर्ड विसरला की तो बदलण्याचा दुवा मेलवरच येतो. मेल बंद म्हणजे सगळीच दारं बंद.

विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हापासून माझ्या ओळखीतले बरेच जण नवी सिस्टीम टाकताहेत. त्यांच्यासाठी हे एका जागी असावं असं वाटलं. तुमचं काय झालं, कशाने सुटलं ते लिहा. सुटलं नसेल तर तेही लिहा. पडद्यावर नेमका काय संदेश आला होता ते आठवत असेल तर आवर्जून सांगा. खरे पासवर्ड आणि पत्ते मात्र लिहू नका.

* * *

बाबांचं वय ७४. मी लांब राहते, त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरचं सगळं फोनवरून चालतं. सिस्टीम पुन्हा टाकून झाल्यावर मी विचारलं, “बाबा, पासवर्ड आहे ना लक्षात?” ते म्हणाले, “अगं, पाठ आहे मला. रोज सकाळी टाकतो. चार आकडी आहे.”

तो पिन होता. विंडोजचा पिन फक्त त्या एका कॉम्प्युटरवर, त्या एका बसवणीपुरता असतो. तो मेलच्या कंपनीकडे जातच नाही. खात्याचा पासवर्ड वेगळाच, काही वर्षांपूर्वी दादाने लावून दिलेला. बाबांनी चार आकडे इतक्या वेळा टाकून पाहिले की खातं तात्पुरतं अडकलं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता. त्या रात्री ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, असं आईने सांगितलं. आपल्याला आता हे जमत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दादाला जुन्या डायरीत पासवर्ड सापडला, पण तोही लागेना. शेवटी त्या पानाचा फोटो मागवून मीच निरखून पाहिला. ज्याला आम्ही एकचा आकडा समजत होतो, तो इंग्रजी छोटा एल होता. आता डायरीत प्रत्येक पासवर्डखाली ‘हा आकडा’, ‘हे अक्षर’ अशा खुणा केल्या आहेत. बाबांची चूक काहीच नव्हती. पिन आणि पासवर्ड यांतला फरक त्यांना कुणी समजावून सांगितलाच नव्हता.

* * *

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी लिहितो. इथे किल्ली विंडोजच्या खात्याशी बांधलेली नसते, थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्येच (आपली पत्रं आणि सेटिंग जिथे साठतात तो फोल्डर) असते. त्यामुळे तो फोल्डर जसाच्या तसा नेला तर पासवर्डही येतात. मी तो विंडोजवरून लिनक्सवरही नेला आहे.

पहिल्या खेपेला मात्र मी फसलो. हुशारी करून नेमक्या फायली निवडल्या: पत्रांचे फोल्डर आणि ‘लॉगिन्स डॉट जेसन’. कुलूपबंद पासवर्ड याच फायलीत असतात. ते उघडणारी किल्ली ‘की४ डॉट डीबी’ नावाच्या दुसऱ्या फायलीत असते आणि तीच मी मागे ठेवली. पत्रं सगळी दिसत होती, पण पाचही खात्यांचे पासवर्ड मागायला लागलं. तेव्हापासून निवडत बसत नाही. थंडरबर्ड पूर्ण बंद करतो आणि अख्खं प्रोफाइल उचलतो. नव्या बसवणीत ते स्वतःचं कोरं प्रोफाइल उघडतं, तेव्हा आपलं जुनं निवडून द्यावं लागतं. कोरं पाहून सगळं गेलं असं समजू नका.

एक इशारा. प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवर लावायचा एक मुख्य पासवर्ड) लावलेला नसेल तर तो फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचे पासवर्ड वाचता येतील. बॅकअपची डिस्क कुठेही टाकून ठेवू नका.

* * *

सिस्टीम टाकताना मी मराठी भाषा निवडली आणि कळपट, म्हणजे कीबोर्ड, मराठीवरच राहिला. अक्षरं टाकताना ते लक्षात आलं, इंग्रजी केलं. पण पासवर्डमधले आकडे टाकायच्या वेळी तो पुन्हा मराठीवर गेला होता आणि देवनागरी आकडे उमटत होते. दिसत होते नुसते काळे ठिपके. चाळीस मिनिटं गेली. आता पासवर्ड आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून डोळ्यांनी पाहते आणि मग तो मजकूर पुसते.

* * *

वरच्यासारखंच. माझ्याकडे इंग्रजीच होतं, पण अमेरिकनऐवजी ब्रिटिश कळपट निवडला गेला होता. त्यात ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. पासवर्डमध्ये नेमकं ॲट होतं.

* * *

पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय. सगळ्यात वाईट अनुभव लिहितो. त्यात चूक माझी होती.

एक वकीलसाहेब कॉम्प्युटर घेऊन आले. फार संथ झालाय, फॉरमॅट मारा म्हणाले. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतलं, डी ड्राइव्हला हात लावला नाही, नवी सिस्टीम टाकली. मेल जोडताना पासवर्ड चुकीचा येऊ लागला. त्यांच्या डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्याकडून नवा पासवर्ड घेतला, तो लागला आणि इनबॉक्स उघडला. आत तीन पत्रं होती. सकाळपासून आलेली तीन.

त्यांचा मेल पीओपी पद्धतीने जोडलेला होता. त्यात पत्रं सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरतात आणि ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण नसेल तर तिकडून पुसली जातात. नऊ वर्षांचा पत्रव्यवहार एका पीएसटी फायलीत (आउटलुक हा मेलचा प्रोग्रॅम पत्रं जिथे साठवतो ती फाईल) होता आणि ती फाईल सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या फोल्डरमध्ये होती. मी ती पाहिलीच नाही. डिस्क एसएसडी होती, म्हणजे पुसलेल्या जागा सहसा स्वतःच साफ करणारी नव्या प्रकारची, त्यामुळे पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळपास नव्हती. प्रयत्न केला, काही आलं नाही. ते माझ्यावर चिडले नाहीत. खुर्चीत नुसते बसून राहिले. ते अजून डोळ्यांसमोर येतं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. फॉरमॅट मारण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवतो, ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडून देतो आणि सांगतो की आता हाताने मेल उघडून दाखवा. त्या खिडकीत आधीचं लॉगिन कामाला येत नाही, त्यामुळे खरी परिस्थिती कळते. दहातले चार-पाच जण तिथेच अडकतात. पण त्या वेळी जुना कॉम्प्युटर चालू असतो, मेल आत उघडा असतो, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड पाहता येतो, रिकव्हरीचा नंबर (पासवर्ड विसरल्यास ओळख पटवायचा फोन नंबर) बदलता येतो. फॉरमॅटनंतर तीच गोष्ट दहापट अवघड होते.

पासवर्डांची यादी ब्राउझरमधून फाईल म्हणून काढता येते. पण ती उघड्या मजकुराची असते, कुणीही वाचू शकतं. नव्या ठिकाणी घेतली की लगेच पुसायची, रिसायकल बिनमधूनही. आणि शक्य असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. नवी लावा आणि जुनी महिनाभर बाजूला ठेवा. फॉरमॅट न मारता त्याच जागी विंडोज टाकलं असेल तर जुन्या फायली ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये राहतात, पण सुमारे १० दिवसच. मग विंडोज स्वतःच तो साफ करतं.

* * *

माझा पासवर्ड बरोबर होता. ब्राउझरमध्ये मेल उघडत होता, पण मेलच्या प्रोग्रॅममध्ये तोच पासवर्ड टाकला की ‘चुकीचा पासवर्ड’. दोन दिवस पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचे क्रमांक) तपासत बसलो: येणाऱ्या मेलसाठी ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५, नाहीतर ५८७. सगळं ठीक होतं.

मग आठवलं. काही वर्षांपूर्वी खात्यावर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एका कोडने वगैरे ओळख पटवणं) लावली, तेव्हा या प्रोग्रॅमसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढला होता. १६ अक्षरांचा, एकदाच दिसणारा. तो प्रोग्रॅममध्ये चिकटवला आणि विसरून गेलो. फॉरमॅटबरोबर तो गेला आणि मी माझा नेहमीचा पासवर्ड टाकत राहिलो. खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन जुना रद्द केला, नवा काढला, पाच मिनिटांत काम झालं.

जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रॅमला नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर शिरता येणं ३० मे २०२२ पासून बंद होत गेलं. आउटलुक डॉट कॉमनेही सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. म्हणून ब्राउझरमध्ये मेल उघडत असेल तर आधी पासवर्ड बदलायला धावू नका. जीमेलमध्ये तर मुख्य पासवर्ड बदलला की चालू असलेले ॲप पासवर्डही रद्द होतात आणि गुंता वाढतो.

* * *

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. मी ‘होम’चं पार्टिशन (डिस्कचा वापरकर्त्याच्या फायलींचा भाग) तसंच ठेवून बाकी सिस्टीम नव्याने टाकली. वापरकर्त्याचं नाव तेच, लॉगिनचा पासवर्ड मात्र नवा दिला. मेल उघडल्यावर ‘कीरिंग’चा पासवर्ड मागू लागलं आणि मी मेलचा टाकत बसले. नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये साठवलेले पासवर्ड कीरिंगमध्ये असतात आणि कीरिंग जुन्याच लॉगिन पासवर्डने बंद असते. जुना लॉगिन पासवर्ड टाकला आणि सगळं उघडलं. तो आठवत नसेल तर ती कीरिंग फेकून नवी करण्यावाचून मार्ग नाही.

* * *

माझ्याकडे पासवर्ड बरोबर, पण पडताळणीचा सहा आकडी कोड दर वेळी नाकारला जायचा. कोड काढणारं ॲप फोनवर नव्हतं, त्याच कॉम्प्युटरवर होतं. हा कोड साधारणपणे दर ३० सेकंदांना घड्याळावरून बदलतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे नव्या सिस्टीमचं घड्याळ मागे पडलं होतं. वेळ दुरुस्त केली, कोड चालला. नंतर बॅटरीही बदलली. ‘या साइटचं प्रमाणपत्र वैध नाही’ असा संदेश येत असेल तरी आधी तारीख पाहा.

* * *

माझं सुटलं नाही. तुम्ही तेही लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते.

खातं २००८ मधलं. रिकव्हरीचा नंबर दोन नोकऱ्यांपूर्वीचा, तो आता दुसऱ्या कुणाकडे आहे. रिकव्हरीचा दुसरा मेल कॉलेजमधला, तो कधीच बंद झाला. फोनवर हा मेल मी घेतला नव्हता, कामाच्या वेळी विचलित व्हायला नको म्हणून. द्विस्तरीय पडताळणी लावली असती तर छापून ठेवता येणारे दहा राखीव कोड मिळाले असते, तीही लावली नव्हती. हे खातं फक्त या एका लॅपटॉपवर उघडं होतं आणि सिस्टीम पुन्हा टाकल्यावर तो लॅपटॉपही मेलच्या कंपनीच्या दृष्टीने अनोळखी झाला.

फॉर्म भरले. खातं कधी उघडलं, आधीचा कुठला पासवर्ड आठवतो, नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वायफायवरून. उत्तर एकच: खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. तेच उत्तर सहा वेळा आलं. माझंच खातं माझं आहे हे मला सिद्ध करता आलं नाही. त्याचा त्रास पत्रं गेल्याच्या त्रासाइतकाच झाला.

मग वही काढली. तो पत्ता कुठे कुठे दिला होता ते आठवेल तसं लिहीत गेले. बँक, विमा, पेन्शन, दवाखाना, मुलीची शाळा. एकूण ३१ ठिकाणं निघाली. काहींनी फोनवर बदलून दिलं, काहींनी ओळखपत्राची प्रत मागितली, तीन ठिकाणी स्वतः जाऊन सही करावी लागली. अडीच महिने झाले. दोन ठिकाणं अजून राहिली आहेत, कारण ती ‘खात्रीसाठी जुन्या मेलवर दुवा पाठवला आहे’ असंच सांगतात.