‘रेव्हन सायकल’ वाचून येडा झालोय, कुणी भांडायला आहे का?

कृष्णाकाठ, सांगली
मॅगी स्टीव्हॉटरची चार पुस्तकं, 2012 ते 2016. व्हर्जिनियातलं हेन्रिएटा हे काल्पनिक गाव. तिथल्या महागड्या शाळेतली पोरं ग्लेनडावर या वेल्श राजाचं थडगं शोधतायत. राजा खरा, 1400 साली इंग्रजांविरुद्ध बंड केलेला. तो अमेरिकेत झोपलाय हा पोरांचा भरवसा. सोबत ब्लू. हिच्या घरच्या सगळ्या बायका भविष्य सांगतात, आणि हिला लहानपणापासून बजावलंय की ज्याच्यावर खरं प्रेम करशील त्याचं चुंबन घेतलंस तर तो मरेल.

एवढ्यावर पळून जाऊ नका. या पोरांचा म्होरक्या गॅन्सी, त्याला रात्री झोप येत नाही, म्हणून तो खोलीत जमिनीवर बसून पुठ्ठ्याचं अख्खं गाव उभं करतो, रस्त्यांसकट. त्या पानांत घडत काही नाही, पण पोरगा किती एकटा आहे ते बरोबर पोचतं. माझं म्हणणं, इथं भाषा हीच जादू. बाकी सगळं निमित्त.

हरभट रोड
निमित्त? चार पुस्तकं राजा शोधायला लावला आणि शेवटी तो विषय असा गुंडाळला की मी पुस्तक आपटलं. चौथ्या भागात तर तेच वाक्य जरासं बदलून पुन्हा पुन्हा घोळवलंय. कविता करायची तर कविता करा. पहिल्या भागात गाडी सुरूच होत नाही, आणि हे शब्दशः, गॅन्सीची ती जुनी कॅमॅरो सारखी बंद पडते.

मिरजवाली
अहो दादा, गाडी बंद पडते तेव्हाच तर पोरं एकमेकांशी बोलतात!

तासगावकर
माझी भाची नववीत, मराठी माध्यम. हौसेनं पुस्तक दिलं, दहा पानांत परत आलं. तुम्हाला लय वाटते ती तिच्यासाठी नुसती भिंत आहे. आणि वेल्श राजा, लॅटिन बोलणारं जंगल, आपला काय संबंध?

मिरजवाली
सर, भाषेची अडचण मान्य. संबंधाचं मात्र बोलू नका. 1843 साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, म्हणून लोक त्यांना ‘अलल्लडुर्र’ नाटकं म्हणायचे. सांगलीकराला अद्भुत परकं कधीपासून झालं?

हरभट रोड
तिथं राक्षस आल्यावर मारामारी तरी व्हायची.

कृष्णाकाठ, सांगली
सर, भाचीला त्याच पोरांतल्या ॲडमबद्दल सांगून बघा. बाप मारतो, शाळेची फी भरायला पोरगा कामावर राबतो, आणि गॅन्सी मदत करायला आला की याचा स्वाभिमान आडवा येतो. असली पोरं आपल्याकडं कॉलेजला एसटीनं येतात.

तासगावकर
मग ॲडमचीच साधी कादंबरी लिहायची. जंगल कशाला?

कृष्णाकाठ, सांगली
कारण कुणाचं फुकट न घेणारा हा पोरगा पहिल्या भागाच्या शेवटी त्या जंगलाशीच सौदा करतो, आणि मोबदल्यात स्वतःचे हात-डोळे देऊ करतो. साध्या कादंबरीत हा सौदा कुणाशी करणार, सावकाराशी?

हरभट रोड
सौदा आला, डाव आला, म्हणजे कथाच आली की! ‘बाकी सगळं निमित्त’ मागं घ्या, मग पुढं बोलू.

कृष्णाकाठ, सांगली
घेत नाही. तो सौदा किती थोडक्या शब्दांत उरकलाय ते आधी परत वाचून या.